सुमेधाला न्यायला कोण येणार

मालोजी नागपंचमीला आला नाही असं एकही साल गेलं नव्हतं. बहीण रुक्मिणी साठीला टेकली, मालोजीच्या मिशा पांढऱ्या झाल्या, मारुंजीहून चिंचवडला यायला बैलगाडी जुंपावी लागायची तिथे बस सुरू झाली, तरी पंचमीच्या सकाळी हा माणूस धुतलेला फेटा बांधून, लाह्यांची पिशवी घेऊन दारात हजर. लेकीला न्यायला माहेरचं माणूस यावं लागतं, त्याला मुराळी म्हणतात, आणि मुराळ्यानं सासरच्या ओसरीवर बसून तिची वाट बघायची असते, एवढं मालोजीला ठाऊक होतं आणि तेवढं त्याला पुरत होतं. रुक्मिणीच्या नवऱ्याला, दौलतरावांना, हे सगळं पोरकट वाटे. बायको आजी झाली, आता कसली माहेरवाशीण, असं ते दरवर्षी म्हणत आणि दरवर्षी तिची पिशवी फाटकापर्यंत स्वतःच नेऊन देत.

यंदा पंचमी गुरुवारी आली. गुरुवार म्हणजे आमच्या पट्ट्याचा रविवार. कारखाने बंद, भोंगे बंद, आणि एरवी शिफ्टच्या मागे धावणारा दौलतरावांचा मुलगा अनंता चक्क घरात. तो सकाळपासून पेपर उघडून बसला होता आणि त्यातलं एक अक्षर वाचत नव्हता.

स्वयंपाकघरात रुक्मिणीबाई आणि त्यांची सून सुमेधा पुरणाची दिंडं उकडत होत्या. पंचमीला काही चिरायचं नाही, तळायचं नाही, तवा ठेवायचा नाही. शैला, अनंताची धाकटी बहीण, देहूरोडहून आली ती आल्या आल्या काकडीसाठी विळी शोधायला लागली, तर सुमेधानंच तिला अडवलं.

"वन्सं, आज चिरायचं न्हाई. इसरलात व्हय?"

ही सुमेधा फ्रान्सची, हे नव्या माणसाला सांगितलं तर त्याचा विश्वास बसत नसे. अनंताला कंपनीनं नवीन मशीन शिकायला तिकडे पाठवलं होतं, तिथे ही बाहेरून आलेल्यांना फ्रेंच शिकवायची. लग्न करून चिंचवडात आली आणि मराठी शिकली ती सासूच्या शेजारी बसून, भाकरी थापता थापता. त्यामुळे तिच्या तोंडी आलं ते मारुंजीचं मराठी. दौलतराव, घरातले अण्णा, हाडाचे हेडमास्तर. त्यांनी शुद्ध मराठीचे धडे दिले, तिनं मन लावून घेतलेही. सासऱ्यांशी बोलताना ती आठवणीनं 'नाही' म्हणायची. पण पुण्याच्या पाहुण्यांसमोर एखादं 'आमी न्हाई जायाचं' निसटलं की हेडमास्तरांच्या कपाळाला आठी पडे आणि रुक्मिणीबाई पदर तोंडाला लावून आत पळत. लाजून नव्हे हो, हसू आवरायला.

नावंही तिला तीन. लग्नात अनंतानं ताटातल्या तांदळात बोटानं सुमेधा लिहिलं. कागदोपत्री ती मारी. आणि आजीनं ठेवलेलं खरं नाव नोल्वेन. ते नाव तिच्या जन्माच्या वेळी तिकडच्या सरकारी दप्तरात चाललं नाही, कारण ते फ्रेंच नव्हतं, तिच्या मुलखातल्या ब्रेतॉन भाषेतलं होतं. रुक्मिणीबाई एकट्या तिला नोलू म्हणत.

शैलानं विळी जागेवर ठेवली आणि दार लोटून घेतलं. "वहिनी, मला खरं सांग. फाटकात शेजारच्या प्रभावतीबाई भेटल्या. म्हणाल्या, त्यांच्या फोनवर तुझा फ्रान्सचा ट्रंककॉल आला होता. म्हणाल्या, तू चाललीस म्हणे. चित्राला घेऊन."

चित्रा म्हणजे अनंता आणि सुमेधाची चार वर्षांची लेक. ती परसात झोपाळ्यावर बसून लाह्या सांडत होती.

सुमेधानं चाळणीवर झाकण ठेवलं. "व्हय," ती म्हणाली. "बोलावलंय. जायाचं का न्हाई ते आज सांगायचं. पाच वाजता परत फोन येणार."

"आज? आणि अण्णांना ठाऊक आहे?"

"तुमचे भाऊ सांगतो म्हनले. आठ दिस झाले, रोज म्हनत्यात, आज सांगतो."

शैला आईच्या तोंडाकडे बघायला लागली. रुक्मिणीबाईंनी काही विचारलं नाही. त्यांनी पुढच्या दिंडाची कड दाबली, मग त्याच्या पुढच्याची दाबली. काल नागचतुर्थीचा उपास होता, भावासाठी धरतात तो. सुमेधाला ना भाऊ ना बहीण. तरी सासूबरोबर तीही दरवर्षी उपाशी राहायची, आणि आज ती नुसत्या चहावरच कामाला लागली होती. "आधी दोन घास खाऊन घे, नोलू," रुक्मिणीबाई म्हणाल्या. "मग काय ते बघू."

पण बघू म्हणून भागणार नव्हतं. शैलाच्या पोटात गोष्ट राहत नाही, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत. ती बँकेत नोकरी करते आणि तिथली एक गोष्ट बाहेर बोलत नाही, घरची मात्र पानावर बसेपर्यंतही टिकत नाही.

पानं वाढली. दौलतराव, मालोजी, अनंता एका रांगेत. दिंडांवर तूप पडलं आणि शैला म्हणाली, "दादा, तू सांगतोस की मी सांगू?"

अनंताच्या हातातला घास ताटात गेला. "मी सांगणारच होतो."

"काय सांगणार होतास?" दौलतरावांनी विचारलं.

अनंता सुरुवात करायला गेला आणि कंपनी, रजा, पासपोर्ट असं कुठूनतरी भलतीकडूनच बोलायला लागला. शेवटी सुमेधा वाढायची वाटी ठेवून समोर येऊन बसली.

"अण्णा, मी सांगते. आमच्या गावच्या शाळेत मला शिकवायला बोलावलंय. एक वर्ष. सरकारी शाळा आहे. तिथं पहिल्यांदाच आमच्या भाषेचा वर्ग सुरू होणार आहे."

"तुमची भाषा म्हणजे फ्रेंच. ती तर चालूच असेल."

"फ्रेंच न्हाई... नाही. ब्रेतॉन. आमच्या ब्रेतान्य मुलखाची. फ्रेंचसारखी अजिबात नाही. फ्रेंच माणसाला त्यातलं काही कळत नाही."

"मग ती आजवर शाळेत का नव्हती?"

"सरकारला नको होती म्हणून नव्हती," सुमेधा म्हणाली. "आता सरकार बदललं. नवं परिपत्रक निघालंय. आई-बापांनी मागितलं तर सरकारी शाळेत दोन भाषांचा वर्ग काढता येईल. गावच्या आई-बापांनी मागितलंय. पण शिकवणारीकडं सरकारी प्रमाणपत्र पाहिजे आणि भाषाही यायला पाहिजे. ज्यांना भाषा येते ती म्हातारी कोळी माणसं. ज्यांच्याकडं प्रमाणपत्र आहे त्या तरण्या मुली, त्यांना भाषा येत नाही. दोन्ही असलेली त्यांना एकच सापडली, आणि ती चिंचवडात दिंडं उकडतेय."

मालोजी हसला. दौलतराव हसले नाहीत. "आणि तू नाही गेलीस तर?"

"तर वर्ग निघणार नाही. मग साहेब लिहून टाकतील की मागणी नव्हती. पुढच्या वर्षी कोण मागणार?"

दौलतरावांनी पाण्याचा पेला उचलला. उभी हयात त्यांनी शाळेत काढली होती आणि ह्या क्षणी ते सासरे नव्हते, हेडमास्तर होते. "सुमेधा, मी आयुष्यभर परिपत्रकं वाचली. एका परिपत्रकानं माझ्या शाळेच्या नळाला पाणी आलेलं मी पाहिलं नाही. आणि तू म्हणतेस, त्यानं मरायला टेकलेली भाषा जगणार."

"जगेल का नाही ते मला नाही ठाऊक, अण्णा. पण मारली होती ती परिपत्रकानंच."

सुमेधा कधी सासऱ्यांना उलट बोललेली कुणाला आठवत नव्हती. ती बोलली तेही शांतपणे, वाटीतलं तूप चमच्यानं ढवळत. तिनं सांगितलं, तिच्या आईच्या शाळेत मास्तरांकडे एक लाकडी खडाव होती. कुणी पोर ब्रेतॉनमध्ये एक शब्द बोललं की ती त्याच्या गळ्यात. ते पोर दुसरं कुणी बोलताना धरी आणि आपली खडाव त्याच्या गळ्यात घाली. शाळा सुटताना ज्याच्या गळ्यात असेल ते मार खाई. "आई शाळेत आली तेव्हा तिला फ्रेंचचा एक शब्द येत नव्हता. ती बोलणार तरी काय? म्हणून ती बोलायचंच थांबली. पुढं मासे डब्यात भरायच्या कारखान्यात गेली. माझ्याशी ती तिच्या भाषेत एकदाही बोलली नाही. फ्रेंचच बोलली, तेही मोडकं. मी शिकले ते आजीकडून."

"मग तुझ्या आईनं चांगलंच केलं," दौलतराव म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. "तिनं फ्रेंच दिलं म्हणून तू मास्तरीण झालीस. मी कुठला? ताथवड्याचा. मी वर्गात 'न्हाई' म्हणालो की आमच्या मास्तरांची छडी माझ्या बोटांवर बसायची. मारलं म्हणून शिकलो. शिकलो म्हणून हेडमास्तर झालो. मी स्वतः पोरांना बाकावर उभं केलंय, सांगतो ना. आणि तीच पोरं आज पिंपरीच्या कारखान्यांत खुर्चीवर बसतात. मुलाखतीला जाऊन 'व्हय जी' म्हणाली असती तर दारवानानं आत सोडलं नसतं."

"खरं आहे," सुमेधा म्हणाली. "आईही हेच म्हणते."

हे उत्तर दौलतरावांना अपेक्षित नव्हतं. भांडायला समोर कुणी उरलं नाही की माणसाला अजून राग येतो, तसा त्यांना आला, आणि ते जेवण अर्धं टाकून हात धुवायला उठले.

अनंता परसात जाऊन सिगारेट पेटवत होता. शैला त्याच्या मागोमाग गेली. ती गेली होती ती भावाची बाजू घ्यायला. तिला मनातून वहिनीचा राग आला होता. आईचे गुडघे गेलेले, अण्णांचं पथ्य, सगळं सुमेधा बघते म्हणून शैला देहूरोडला निर्धास्त. आता ही गेली की दर दोन दिवसांनी बस धरून यायचं कुणी?

"तू तिला हो म्हणाला होतास ना?" तिनं विचारलं.

"म्हणालो होतो."

"मग जेवताना तोंडात मिठाची गुळणी का?"

अनंता झोपाळ्याची दोरी धरून उभा राहिला. चित्राला त्यानं आत पिटाळलं. मोठ्या मशीनवर हात ठेवला की आवाजावरून बिघाड ओळखणारा हा माणूस, पण स्वतःविषयी बोलायची वेळ आली की त्याला शब्द फुटत नसत. "शैले, तिनं विचारलं तेव्हा मी लगेच जा म्हणालो. नवरा म्हणून मोठेपणा घेतला. पण आतून मला वाटत होतं, अण्णा नाही म्हणतील. त्यांनी नाही म्हटलं की ती राहील, आणि वाईटपणा माझ्याकडे येणार नाही. म्हणून आठ दिवस सांगितलं नाही. फोन येऊन जाऊ दे, असंच मनात होतं."

"म्हणजे?"

"म्हणजे ती परत आली नाही तर? इथे तिचं कोण आहे? भाषा नाही, माणूस नाही. समुद्र नाही. तिथे गेली आणि तिला कळलं की आपण आठ वर्षं उगाच काढली, तर मी काय करू? चित्रालाही घेऊन चाललीय."

शैलानं भावाकडे पाहिलं आणि तिला त्याची कीव आली, आणि कीव यायच्या आधी रागही. "तू हे तिला बोललास?"

"नाही."

"मग बोल. अण्णांच्या पाठीआड काय लपतोस? लाज नाही वाटत? ती तुझ्यासाठी अर्धी दुनिया ओलांडून आली, तेव्हा तिनं विचारलं का, इथे माझं कोण आहे म्हणून?" तिनं झोपाळ्यावरच्या लाह्या झटकल्या. "आईचं मी बघीन. एक वर्षाचा प्रश्न आहे. बसनं येईन." असं म्हणून ती आत निघून गेली आणि बसचा विचार करून तिला तिथेच दमल्यासारखं झालं.

बाहेरच्या खोलीत दौलतराव खुर्चीत बसले होते. मालोजी ओसरीवर, रीतीप्रमाणे. रुक्मिणीबाईंचं गाठोडं दाराशी येऊन पडलं होतं, पण त्या निघायचं नाव घेत नव्हत्या. घड्याळात चार वाजून गेले होते. सुमेधा पाण्याचा तांब्या घेऊन आली तशी दौलतरावांनी तिला थांबवलं.

"बस. मी विचार केला. वाद भाषेचा नको. तू माहेरी जायचं म्हणतेस, असं धरू. मग या घराची रीत सगळ्यांना सारखी. माझी आई, ही रुक्मिणी, कुणीही मुराळ्याशिवाय माहेरी गेलेली नाही. तुला न्यायला कोण आलंय?"

शैला दारातच उभी राहिली. अनंता परसातून आत आला होता, तोही थबकला. सुमेधाचे वडील समुद्रात बुडून गेले, त्याला वीस वर्षं होऊन गेली, आणि भाऊ नाही, हे दौलतरावांना पक्कं ठाऊक होतं. बोलून झाल्यावर त्यांना स्वतःलाच ते बरं वाटलं नाही. जन्मभर ज्या मुराळ्याला पोरकटपणा म्हटलं, त्याच्याच आड आपण उभे राहिलो, हे त्यांना कळत होतं. पण तोंडातून गेलेलं परत घ्यायची सवय त्यांना नव्हती.

सुमेधानं तांब्या खाली ठेवला.

"अहो," रुक्मिणीबाई म्हणाल्या. त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर उभ्या होत्या. घरात चार माणसं जमली की त्या एरवी बोलत नसत. लग्न होऊन आल्या तेव्हा पहिल्याच पंगतीत 'आमाला न्हाई ठावं' म्हणाल्या आणि नवऱ्यानं सगळ्यांदेखत वाक्य सुधारून दिलं, तेव्हापासून. "तिनं काल उपास धरला व्हता. दर साली धरती. ती इचारायची, आई, मला भाऊ न्हाई, मी कुणाच्या नावानं धरू? म्या म्हनलं, माझ्या मालोजीच्या नावानं धर. आठ वर्सं त्याच्याच नावानं उपाशी ऱ्हायलीय ती."

मालोजी ओसरीवर ताठ बसला. हे त्याला नवीन होतं. "माझ्या नावानं?"

"तुज्या नावानं."

"आन् मला सांगितलं न्हाई?"

"उपास काय सांगून धरत्यात व्हय?"

मालोजीनं फेटा काढला, मांडीवर ठेवला, परत डोक्यावर ठेवला. मारुंजीत ऊस, घरात तीन मुलगे, लेक एकही नाही. त्याला आयुष्यात न्यायला एकच बहीण होती. तो उठून आत आला आणि दौलतरावांसमोर उभा राहिला. दाजींसमोर तो सहसा उभा राहत नसे, कडेनं बसत असे. "दाजी, मग माझं चुकलंच. आठ पंचम्या म्या एकाच भनीला न्यायला आलो. दुसरी घरातच बसून व्हती. आता आज नेतो तिला. आज मारुंजीला, दोन दिस पाव्हनचार करतो, मग तिकीट निघालं की ममईला जाऊन इमानात बशिवतो. पुढचा रस्ता मला ठावं न्हाई, तेवढं तिला इचारून घेईन."

शैलाला हसू फुटलं. "मामा, तुम्ही वहिनीचे भाऊ झालात, तर दादा तुमचा कोण लागतो?"

"लागू दे काय लागायचा त्यो," मालोजी म्हणाला. "अनंता, आजपासनं तूबी माझा दाजी."

हसायला दौलतरावही लागले असते, पण ते सुनेकडे बघत होते. सुमेधा उंबऱ्यात सासूच्या खांद्याला टेकून उभी होती आणि तिच्या डोळ्यांतून पाणी गळत होतं. रडायचं नाही म्हणून ती खूप प्रयत्न करत होती. रुक्मिणीबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत होत्या आणि "उगी, नोलू, उगी," एवढंच म्हणत होत्या.

"मुराळी नेतो," दौलतराव सावकाश म्हणाले. "परत आणायचं कुणी?"

"त्ये मुराळ्याचं काम न्हाई," मालोजी म्हणाला. "लेकीला माहेरी भाऊ न्हेतो. आनायला नवरा जातो. न्हाई गेला तर ती का म्हनून यावी?"

सगळ्यांनी अनंताकडे पाहिलं. शैलानं तर असं पाहिलं की त्याला पळायला जागा उरली नाही. तो बायकोच्या समोर जाऊन उभा राहिला. वडिलांच्या देखत त्यानं तिचा हात कधी धरला नव्हता, आजही धरला नाही.

"मला भीती वाटते," तो म्हणाला. "तू येणार नाहीस अशी. म्हणून मी अण्णांना सांगत नव्हतो. तुला जा म्हणालो ते अर्धंच खरं होतं."

"मला ठावं व्हतं," सुमेधा म्हणाली. सासरे समोर असून तिनं ते सुधारलं नाही. "मलाबी भीती वाटती. तिथं गेल्यावर मी कोण असंन, मलाबी न्हाई ठावं. पन तुमी आलात तर मी येईन."

"येईन न्यायला. उन्हाळ्यात शाळा सुटली की येईन. कंपनीनं रजा दिली नाही तर बिनरजेचा येईन."

तेवढ्यात कुंपणापलीकडून प्रभावतीबाईंची हाक आली. फोन आला होता, ठरल्या वेळेच्या आधीच. सुमेधा डोळे पुसत, पदर सावरत धावली. अनंता तिच्या मागे गेला.

मागे राहिलेली माणसं आपापल्या जागी तशीच होती. दौलतराव म्हणाले, "मी अजून हो म्हणालेलो नाही." रुक्मिणीबाई म्हणाल्या, "तुमास्नी कुनी इचारलंय?" हे असं त्या ह्या जन्मात कधी बोलल्या नव्हत्या. बोलून त्या स्वतःच दचकल्या आणि सुनेचे कपडे भरायला आत गेल्या. शैला त्यांच्या मागे गेली. मालोजीनं दाजींपुढे लाह्यांची पिशवी धरली, आणि दौलतरावांना काही सुचेना म्हणून ते लाह्या खात बसले.

सुमेधा परत आली ती चालत, हळूहळू. अनंता तिच्या बरोबर होता आणि तिच्याकडे बघत चालल्यामुळे पायरीला अडखळला.

"हो सांगितलं?" शैलानं आतून येत विचारलं.

"सांगितलं." सुमेधा ओसरीच्या कडेला टेकली. "शाळेतल्या बाई आधी बोलल्या. मग म्हनल्या, थांब, कुनीतरी आलंय. आई व्हती. माझी आई. तिच्या घरी फोन न्हाई, ती चालत आली शाळेत. म्हनली, देउस दार गेर." ती थांबली. "म्हंजी, घरी ये. तिच्या भाषेत म्हनली. माझ्याशी पयल्यांदा."

अनंता म्हणाला, "फोन ठेवल्यावरही ही रिसीव्हर धरून उभी होती. प्रभावतीबाईंनी हातातून काढून घेतला."

दौलतराव खुर्चीतून उठले. परसात जायचं म्हणून उठले असावेत, पण गेले नाहीत. गळ्यात खडाव घालून उभी असलेली कुणी लहान पोर त्यांच्या डोळ्यांसमोर आली होती, आणि बाकावर उभी केलेली त्यांची स्वतःची पोरं तिच्या शेजारी येऊन उभी राहत होती. त्यांतल्या कित्येकांची नावं त्यांना अजून पाठ होती.

निघायची तयारी झाली. शेवटची बस चुकली तर मालोजीची पंचाईत होती. रुक्मिणीबाईंनी सुनेची ओटी भरली. तांदूळ, नारळ, खण. शैलानं कुंकू लावलं आणि वहिनीला इतकं घट्ट धरलं की नारळ मध्ये रुतला. दोन माहेरवाशिणी, एक मुराळी आणि नवा परकर घातलेली चित्रा अशी वरात फाटकाशी पोचली. पिशव्या अनंताकडे होत्या. दौलतराव मागून आले.

"सुमेधा, एक विचारायचं होतं."

"काय, अण्णा?"

"तिकडे आजीला काय म्हणतात? तुमच्या भाषेत."

"माम-गोझ."

"आणि आजोबांना?"

"ताद-कोझ."

"ताद-कोझ," दौलतराव म्हणाले. उच्चार बरोबर आला का म्हणून त्यांनी तिच्याकडे पाहिलं, तिनं मान हलवली. "आजी चित्राला आहे तिथे. आजोबा नाहीत."

"नाहीत."

"मग तो शब्द ती कुणाला म्हणणार? नुसता पाटीवर गिरवून येत नाही. हाक मारायला समोर माणूस लागतं. मी इतकी वर्षं शिकवलंय, मला कळतं तेवढं." त्यांनी घसा खाकरला. "तिला सांग, मला म्हण. पत्रातही तेच लिहू दे."

सुमेधा खाली वाकली आणि चित्राच्या कानात सांगायला लागली. तिनं पोरीकडून तो शब्द दोनदा म्हणवून घेतला. चित्राला तो गमतीचा वाटला. मालोजीचं बोट धरून ती रस्त्याला लागली, कोपऱ्यावरच्या पिठाच्या गिरणीपर्यंत गेली, आणि तिथून वळून तिनं घराच्या दिशेनं जोरात हाक मारली.

"ताद-कोझ."

फाटकाला धरून उभ्या असलेल्या दौलतरावांनी ओ दिली.